एका दिवसाचें परतीचें तिकीट



युरोपच्या प्रवासाचीं वर्णनें आपल्या वाचनांत पुष्कळ आलेलीं असतील. त्यांत बहुधा आठ-दहा देश असतात, तितक्याच राजधान्या असतात आणि शेवटीं थकून घरीं आलेला प्रवासी असतो. माझी हकीकत त्या मानानें अगदींच लहान आहे. कामानिमित्त मला बेल्जममध्यें ब्रसेल्स येथें सहा आठवडे राहावें लागलें. सोमवार ते शनिवार काम असे, रविवार मोकळा. ओळखीचें कोणी नव्हतें. तेव्हां रविवारीं सकाळीं स्टेशनावर जावें, एखाद्या जुन्या शहराचें परतीचें तिकीट काढावें, दिवसभर तें पायांखालीं घालावें आणि रात्रीं जेवायला मुक्कामावर यावें, असा क्रम मीं ठेवला.

एकट्यानें हिंडण्यांत एक मोठी गैरसोय आहे. जें दिसतें तें कोणाला सांगतां येत नाहीं. पण त्यामुळें माणूस वाचूं मात्र लागतो. भिंतीवरच्या पाट्या, कमानीवरचे सनांचे आकडे, दगडांत कोरलेलीं नांवें, सगळें सावकाश वाचतो. कारण "चला, उशीर झाला" असें म्हणणारें बरोबर कोणी नसतें. उशीर होतो तो फक्त शेवटच्या गाडीला.

ज्या गाडीनें मी जात असें ती गाडीहि, पुढें माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या शहरांच्या इतिहासाचाच एक भाग आहे. बेल्जम १८३० सालीं हॉलंडपासून फुटून स्वतंत्र झाला, तेव्हां त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहिला तो व्यापाराचा. अँटवर्प हें त्याचें मोठें बंदर. पण तेथून समुद्राला मिळणाऱ्या शेल्ट नदीचें मुख डच लोकांच्या हातीं. ऱ्हाइनकांठच्या जर्मन मालाची जलवाटहि डचांच्याच मुलखांतून. नदी शत्रूच्या हातीं म्हणून त्या नव्या सरकारनें लोखंडाची नदी करावयाचें ठरविलें. १ मे १८३४ रोजीं कायदा झाला आणि लगेच पुढच्या वर्षीं, ५ मे १८३५ रोजीं, ब्रसेल्सहून मेखेलेन या गांवीं पहिल्या गाड्या धांवल्या. त्या दिवशीं तीन इंजिनें होतीं आणि त्यांपैकीं एकाचें नांव "हत्ती" होतें. यानंतर अठरा वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, आपली बोरीबंदर-ठाणें गाडी सुटली. साहेब, सिंध आणि सुलतान हीं तिचीं तीन इंजिनें आपल्या परिचयाचीं आहेत. आपल्या इंजिनांत हत्ती नव्हता ही थोडी नवलाचीच गोष्ट म्हणावयाची.

मेखेलेन हा मध्य धरून चार दिशांना चार फांटे काढण्याची मूळ योजना होती. त्यांतला पश्चिमेचा फांटा गेंट व ब्रूज या शहरांवरून ऑस्टेंडला, म्हणजे समुद्राला व पर्यायानें इंग्लंडला मिळे. पूर्वेचा फांटा लूव्हेन व लिएज या शहरांवरून १८४३ मध्यें जर्मनीला जाऊन भिडला. नकाशावर या दोन रेषा किती निरुपद्रवी दिसतात! पश्चिमेच्या रेषेवरचें ब्रूज आणि पूर्वेच्या रेषेवरचें लूव्हेन, या दोन शहरांविषयीं मी आज बोलणार आहें.

ब्रूजला ब्रसेल्सहून सुमारें तासाभरांत जातां येतें. तेथील हल्लींचें स्टेशन १९३९ सालचें, जुन्या तटाच्या जागेबाहेर आहे. त्यापूर्वीं आगगाडी थेट शहरांत, एका चौकांत येऊन थांबे. आतां उतरल्यावर थोडें चालावें लागतें आणि तें फार बरें आहे. आधीं एक तळें लागतें, मग १२४५ मध्यें स्थापन झालेली बेगीन स्त्रियांची वस्ती: पांढऱ्या भिंतींच्या घरांचा एक शांत चौक. संसार न करतां, पण जोगिणींची आजन्म शपथहि न घेतां, ईश्वरचिंतनांत व कष्टांत राहणाऱ्या त्या स्त्रिया आतां तेथें नाहींत. १९२७ पासून तेथें बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणी राहतात. पुढें बाजारचौक आणि ८३ मीटर उंचीचा प्रसिद्ध घंटामनोरा. त्याच्या ३६६ पायऱ्या मीं चढलों. वरून दिसतात लाल कौलांचीं छपरें, कालव्यांचीं वळणें आणि उत्तरेकडे सपाट हिरवी जमीन. समुद्र मात्र कांहीं मैल दूर राहिला आहे. आणि ब्रूजची सारी कथा या कांहीं मैलांची आहे.

११३४ सालच्या एका वादळानें समुद्राची एक शाखा जमिनींत आंतवर घुसली. तिला झ्विन म्हणत. तिच्यावाटे गलबतें ब्रूजच्या उंबरठ्यापर्यंत येऊं लागलीं. इंग्लंडची लोकर, उत्तर जर्मनीच्या हॅन्सा संघाचा माल, आणि १२७७ पासून जिनोव्हाचीं जहाजें. देशोदेशींचे सावकार व्हान डेर बूर्झ नांवाच्या एका घराण्याच्या खाणावळीपुढील चौकांत जमून हुंड्यांचे सौदे करीत. फ्रेंच लोक शेअरबाजाराला "बूर्स" म्हणतात तो शब्द या घराण्यावरून आला असें सामान्यतः मानतात. आपल्या दलाल स्ट्रीटचें आजोळ असें एका खाणावळीच्या दारांत सांपडावें याची मला मौज वाटली.

पण समुद्रानें दिलेलें समुद्रानेंच परत घेतलें. झ्विन गाळानें भरत चालली. त्यांत राजकारणाची भर पडली. येथील राणी मेरी हिचा १४८२ सालीं घोड्यावरून पडून अंत झाला आणि तिचा नवरा मॅक्सिमिलियन याच्याशीं नागरिकांचें बिनसलें. १४८८ मध्यें त्यांनीं त्याला बाजारचौकांतल्या एका घरांत धरून कांहीं महिने कोंडून ठेविलें. पुढें सम्राट होणाऱ्या पुरुषाला कोंडून ठेवण्याची ऐट फार महाग पडते. त्यानें परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पला जाण्यास उत्तेजन दिलें आणि ते गेलेहि. त्यानंतरचीं तीनशें वर्षें ब्रूज झोंपून राहिलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तें देशांतल्या सर्वांत दरिद्री शहरांपैकीं एक होतें. लोकांचा मोठा भाग धर्मादायावर जगे आणि हजारों बायका डोळे फोडून लेस विणीत.

याच दारिद्र्यानें ब्रूज राखलें. जुनें पाडून नवें बांधण्यास लागणारा पैसा कोणाजवळ नव्हता. १८३८ सालीं आगगाडी आली तिनें कारखाने आणले नाहींत. तिनें आणले पाहुणे, विशेषतः इंग्रज. १८९२ मध्यें रोडेनबाख या लेखकानें "मृत ब्रूज" या अर्थाच्या नांवाची फ्रेंच कादंबरी लिहिली आणि त्या पाहुण्यांना आपण काय पाहावयास आलों आहों हें नेमकें कळलें. शहरवासी मात्र रागावले, आणि त्यांचें काय चुकलें? ते तर नवें बंदर बांधण्याच्या खटपटींत होते! तें झेब्रुगा बंदर १९०७ मध्यें झालेंहि.

येथें मला माझी एक फजिती सांगितली पाहिजे. अवर लेडीच्या देवळामागें कालव्यावर एक लहानसा दगडी पूल आहे. शेवाळलेला, झिजलेला, दोन्ही बाजूंना लांकडी गॅलऱ्यांचीं घरें. या पुलावरून केवढाले सरदार आणि चित्रकार चालून गेले असतील अशा विचारांत मी अर्धा तास तेथें उभा राहिलों. मागाहून वाचलें तेव्हां समजलें कीं, तो पूल १९१० च्या सुमाराचा आहे! बाजारचौकांतील जें भव्य गॉथिक दरबारघर मला शतकानुशतकांचें वाटलें, त्याचें बांधकाम १८८७ मध्यें सुरू होऊन विसाव्या शतकांत पुरें झालें. पाहुण्यांना जुनें हवें असें दिसल्यावर शहरानें जुनें निर्माण केलें. यांत लबाडी होती असें मी म्हणणार नाहीं. कारागीर उत्तम होते आणि प्रेमहि खरें होतें. पण परतीच्या गाडींत मी कांहींसा फसल्यासारखा बसून होतों.

मधल्या रविवारीं गेंटला गेलों. सम्राट पांचवा चार्ल्स याचा जन्म तेथें १५०० सालीं झाला आणि त्यानेंच १५४० मध्यें बंड केल्याबद्दल तेथील प्रमुख नागरिकांना गळ्यांत फांस घालून अनवाणी क्षमा मागावयास लाविलें. गेंटचे लोक तो फांस आतां उत्सवांत भूषण म्हणून मिरवितात! व्हान आयक बंधूंचें १४३२ चें वेदिचित्र तेथेंच आहे. त्याचा एक फलक १९३४ मध्यें चोरीस गेला तो अद्याप सांपडलेला नाहीं. त्यावर एक स्वतंत्र भाषण होईल. असो.

शेवटच्या रविवारीं पूर्वेची गाडी धरली. लूव्हेन ब्रसेल्सहून अर्ध्या तासापेक्षांहि जवळ. येथें स्टेशन आणि शहर यांच्यामध्यें तळें नाहीं कीं मठ नाहीं. दाराबाहेर पडलें कीं समोर जो चौक येतो त्याचें नांवच "हुतात्म्यांचा चौक" असें आहे आणि मध्यें एक स्मारक उभें आहे. मीं तेथील नांवें वाचण्यास आरंभ केला. पुष्कळ वेळ लागला.

१४२५ मध्यें येथें विद्यापीठ स्थापन झालें. इरॅस्मस येथें राहिला. नकाशे काढणारा मर्केटर व शरीरशास्त्रज्ञ व्हेसेलियस येथें शिकले. टॉमस मूरची "युटोपिया" १५१६ सालीं प्रथम छापली गेली ती याच गांवीं. विद्यापीठाचें ग्रंथालय चौदाव्या शतकांतल्या जुन्या कापडबाजाराच्या वाड्यांत होतें. १९१४ च्या ऑगस्टमध्यें जर्मन सैन्य लिएजहून ब्रसेल्सकडे, म्हणजे या पूर्वेच्या वाटेनेंच, निघालें आणि १९ तारखेस लूव्हेनमध्यें शिरलें. २५ तारखेच्या रात्रीं अंधारांत गोळ्या सुटल्या. नागरिक खिडक्यांतून गोळ्या झाडीत आहेत अशी सैनिकांची समजूत झाली. तसें कांहीं नव्हतें, घाबरलेले सैनिक एकमेकांवरच गोळ्या झाडीत होते, असें पुढील संशोधनानें दाखविलें; त्यांत १९५८ सालचा एका जर्मन अभ्यासकाचाहि ग्रंथ आहे. पण त्या रात्रीं कोण विचारतो? सुमारें अडीचशें नागरिक मारले गेले, हजारावर घरें जळालीं, आणि दीड हजार माणसें आगगाडीनें जर्मनीस नेण्यांत आलीं. ग्रंथालयाला आग लावण्यांत आली. दोन लाखांवर ग्रंथ, शेंकडों हस्तलिखितें आणि मुद्रणकलेच्या पहिल्या पन्नास वर्षांतलीं शेंकडों पुस्तकें भस्म झालीं. घर पुन्हां बांधतां येतें. ज्या हस्तलिखिताची दुसरी प्रत जगांत नव्हती त्याचें काय करावयाचें?

व्हर्सायच्या तहांत या ग्रंथालयासाठीं एक स्वतंत्र कलम आहे: जळाले तितके व तेवढ्या मोलाचे ग्रंथ जर्मनीनें भरून द्यावे. नवी इमारत अमेरिकनांच्या वर्गणींतून झाली. न्यूयॉर्कचें ग्रँड सेंट्रल स्टेशन बांधणाऱ्या मंडळींतील व्हिटनी वॉरेन हा तिचा शिल्पकार. ४ जुलै १९२८ रोजीं तिचें उद्घाटन झालें. वर्गणी देणाऱ्या शाळा-कॉलेजांचीं नांवें भिंतीच्या दगडांवर कोरलेलीं आहेत. दर्शनी कठड्यावर, जर्मनांच्या क्रोधानें नष्ट आणि अमेरिकेच्या दानानें पुनः उभें, अशा अर्थाचा लॅटिन लेख घालण्याचा वॉरेनचा हट्ट होता. विद्यापीठाच्या प्रमुखांनीं तो नाकारला. द्वेष दगडांत कोरून मुलांच्या डोक्यावर ठेवावयाचा नाहीं, ही त्यांची भूमिका मला आजहि मोठी वाटते. त्यावरून मोठें वादळ झालें, कठडे फोडण्यापर्यंत मजल गेली, आणि अखेर साधा कठडा बसला. बारा वर्षांनीं, मे १९४० मध्यें, त्याच देशाचें सैन्य पुन्हां आलें आणि ग्रंथालय पुन्हां जळालें. या खेपेस सुमारें नऊ लाख ग्रंथ. युद्धानंतर वॉरेनच्याच नकाशाबरहुकूम तें पुन्हां उभारण्यांत आलें.

यानंतर तरी त्या पुस्तकांनीं सुखानें राहावें कीं नाहीं? १९६८ मध्यें फ्लेमिश आणि फ्रेंच भाषिकांच्या वादानें विद्यापीठच दुभंगलें. फ्रेंच भाग नव्या गांवीं जावयाचा ठरला आणि ग्रंथांची वांटणी निघाली. ती विषयवार नाहीं, भाषावार नाहीं: मांडणीच्या क्रमांकांपैकीं विषम क्रमांक एकाला आणि सम क्रमांक दुसऱ्याला! आग न लावतांहि ग्रंथालय कसें फोडतां येतें याचा हा नमुना. मराठी घरांतल्या वांटण्या पाहिलेल्या माणसाला त्यांत फारसें नवल वाटूं नये.

ब्रूजलाहि १९१४ च्या ऑक्टोबरांत जर्मन आलेच होते आणि त्यांच्या पाणबुड्या तेथल्या कालव्यांतून समुद्रावर जात. म्हणजे ब्रूज युद्धाबाहेर होतें असें नाहीं. पण तें उभें राहिलें आणि २००० सालीं युनेस्कोच्या यादींत गेलें. लूव्हेनचें नगरभवन, पंधराव्या शतकांतलें, दगडी लेस विणावी तसें, तेंहि दोन्ही आगींतून वांचलें. त्याच्या कोनाड्यांतले दोनशेंवर पुतळे मात्र एकोणिसाव्या शतकांत बसविलेले आहेत. चारशें वर्षें ते कोनाडे मोकळेच होते. या वेळीं तें मीं आधींच वाचून ठेविलें होतें.

संध्याकाळीं ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलों आणि दगडांवरचीं नांवें वाचीत राहिलों. अंधार पडूं लागला तेव्हां त्या चौकांतून स्टेशनांत आलों. माझी ब्रसेल्सची गाडी यावयाची होती. समोरच्या फलाटावर लिएजकडे जाणारी गाडी उभी होती. विद्यार्थी पाठीवर पिशव्या टाकून चढत होते. एक मुलगी खिडकीशीं बसून पुस्तक उघडीत होती. वेळेवर शिटी झाली आणि ती गाडी पूर्वेकडे निघून गेली.