रोमा समाज आणि परकीय निधी

युरोपातील रोमा समाजाची भाषा भारतीय कुळातील आहे, एवढ्यावरून त्यांना रक्ताचे नातेवाईक ठरविण्याचा उत्साह आपल्याकडे अधूनमधून दिसतो. आम्हांस ते नाते अनुभवाचे वाटते. वालाचिया व मोल्दाविया प्रांतांत रोमा लोक १८५५-५६ पर्यंत कायद्याने गुलाम होते. गुलामगिरी गेली, गावाबाहेरची वस्ती राहिली.

२ फेब्रुवारी २००५ रोजी सोफिया येथे मध्य व पूर्व युरोपातील सरकारांनी २००५ ते २०१५ हे ‘रोमा समावेशन दशक’ जाहीर केले. त्यामागे जागतिक बँक आणि सोरोस यांची ओपन सोसायटी इन्स्टिट्यूट होती. त्याच वर्षी रोमा एज्युकेशन फंड निघाला. युरोपीय संघाचा सामाजिक निधीही या कामी आला. परंतु युरोपीय संघाचा निधी वाटला जाई तो सरकारी खात्यांमार्फत, म्हणजे ज्यांच्या शाळांत रोमा मुले वेगळी बसविली जात त्यांच्याच हातून! शिवाय काही वाटा स्वतः घालावा, पुष्कळदा खर्च आधी करून भरपाई मागून घ्यावी, असा नियम. वस्तीतल्या लहान संस्थेने आगाऊ पैसा आणावा कोठून? अर्ज लिहिण्यात तरबेज मंडळींचे मात्र फावले.

वेगळे बसविणे म्हणजे काय, हे चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्रावा शहराने दाखविले. तेथे रोमा मुलांना मतिमंदांसाठीच्या ‘विशेष शाळां’त घालत. अठरा विद्यार्थ्यांनी मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. पाठीशी युरोपियन रोमा राइट्स सेंटर ही देणग्यांवर चालणारी संस्था होती. २००६ साली निकाल विरुद्ध गेला. १३ नोव्हेंबर २००७ रोजी महापीठाने तो फिरवून भेदभाव झाल्याचे मान्य केले. परकीय पैशाचा इतका चोख उपयोग आम्हांस दुसरा दिसत नाही. येथे तो सरकारच्या हातून न जाता सरकारला जाब विचारण्यास लागला.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियास गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. तिच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. तो पाळण्यास ते १९१७ साली बडोद्यास गेले, तेव्हा राहावयास खोली मिळेना. पैशाने पदवी मिळाली. शेजार मिळाला नाही.

हे चरित्र हंगेरीत वाचले गेले. यानोश ऑर्शोश आणि तिबोर देरदाक यांनी महाराष्ट्रात येऊन बौद्ध समाज पाहिला, ‘जय भीम’ संघटना उभारली आणि २००७ साली शायोकाझा या खेड्यात डॉ. आंबेडकर शाळा काढली. शाळा अर्धवट सुटलेली तरुण रोमा मुलेमुली तेथे शालान्त परीक्षेचा अभ्यास करू लागली.