भंगारातून पोलाद, पण हिशेब कुणी ठेवायचा?

‘जालना, सोने का पालना’ ही आपल्याकडची जुनी म्हण. निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इथे रेल्वे आली आणि कापसाचा व्यापार बहरला. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच ‘महिको’ ही बियाणे कंपनी काढली. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे औद्योगिक वसाहतीत सळईचे कारखाने वाढत गेले आणि शहराला पोलादनगरी हे नवं नाव मिळालं.

या प्रवासात मला एक गोष्ट फार बोलकी वाटते. जालन्याजवळ ना लोहखनिजाची खाण, ना कोळशाची. इथलं पोलाद मुख्यतः भंगारावर उभं राहिलं. मोडीत निघालेली यंत्रं, गाड्यांचे सांगाडे, जुने पत्रे भट्टीत जातात आणि सळई होऊन बाहेर येतात. एक टन भंगार वापरलं की सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो, असं जागतिक पोलाद संघटना सांगते. पर्यावरणाचा विचार शहरात पोहोचण्याआधीच जालना पुनर्वापर करत होतं, तेही निव्वळ व्यवहार म्हणून!

पण एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. भंगारावर रंग असतो, तेल असतं. ते वितळताना धूर निघतो. भट्टीवर झाकण बसवून तो ओढून घ्यायचा आणि कापडी पिशव्यांच्या गाळणीतून सोडायचा, हा उपाय. मात्र गाळणी बसवणं वेगळं आणि ती रात्रपाळीतही चालू ठेवणं वेगळं.

दुसरी बाब उष्णतेची. पूर्वी भट्टीतून निघालेले ठोकळे थंड होऊ द्यायचे आणि सळई ओढण्यासाठी पुन्हा ११०० अंशांपुढे तापवायचे, अशी रीत होती. तोच ठोकळा गरम असतानाच रोलिंग मिलमध्ये घातला, तर दुसऱ्यांदा जाळायचं इंधन वाचतं. इथे नफा आणि निसर्ग एकाच बाजूला उभे राहतात.

तिसरी बाब विजेची. एक टन भंगार वितळवायला साधारण ५०० ते ६५० युनिट वीज लागते. ती कोळशावर तयार झाली असेल, तर जालन्याचा धूर परळी किंवा चंद्रपूरच्या धुराड्यातून निघाला, एवढाच फरक. म्हणून सौर विजेचा वाटा वाढवणं हे पुढचं पाऊल.

आणि पाणी! निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाचं पाणी पंपाविना, नुसत्या उताराने शहरात येई. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जालन्याने टँकरच्या रांगा पाहिल्या. घाणेवाडीतला गाळ काढायला नागरिकांबरोबर उद्योजकही पुढे आले, हे मोठंच काम. तरीही मी म्हणेन, तलावाला दिलेली देणगी हा दानधर्म झाला. सळई थंड करणारं पाणी गाळून, निववून पुन्हा पुन्हा वापरणं हे कर्तव्य आहे. पहिल्याने दुसऱ्याची फेड होत नाही.

आता जगही हिशेब मागू लागलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हरित पोलादाची व्याख्या ठरवली. एक टन तयार पोलादामागे उत्सर्जन २.२ टनांपेक्षा कमी असेल, तरच ते हरित. म्हणजे पुण्य मोजायला तराजू मिळाला.

कारखान्याच्या फाटकावर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ असा फलक असतोच. त्याच्या शेजारी आणखी एक फलक हवा. टनामागे किती युनिट वीज, किती लिटर पाणी, गेल्या वर्षी किती आणि यंदा किती, एवढंच त्यावर लिहावं. भंगाराचा काटा किलोकिलोने पाहणाऱ्या जालन्याच्या व्यापाऱ्याला हा हिशेब काही अवघड नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)