पॅरामोटर, पूर्णिया आणि एव्हरेस्टची विरळ हवा

सध्या मुक्काम भिलाई. समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटर उंची आणि आजूबाजूला सपाट मुलूख. डोंगर बघायचा तर दल्ली-राजहराच्या लोखंडाच्या खाणींकडे जावं लागतं. अशा ठिकाणी एनसीसीच्या एका पोराने मला विचारलं, "सर, बीर-बिलिंगला जगभरचे पायलट जमतात, पण पाठीवर इंजिन कुणीच का बांधत नाही? उंच डोंगरात तर ते जास्त कामाला येईल ना?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण त्यामागे बराच इतिहास आहे.

हिमाचलमधल्या बिलिंगचा उड्डाणतळ सुमारे 2,400 मीटरवर आहे आणि उतरायचं गाव बीर हजारेक मीटर खाली. 2015 मध्ये पॅराग्लायडिंगचा विश्वचषक पहिल्यांदा भारतात आला तो इथेच. उन्हाने उतार तापतात, हवा वर चढते आणि धौलाधार स्वतःच इंजिनाचं काम करतो. पॅरामोटर म्हणजे तोच पॅराग्लायडर, फक्त पाठीवर पंचवीस-तीस किलोचं इंजिन आणि जाळीच्या पिंजऱ्यात फिरणारा पंखा. याची खरी सोय सपाटीवर. टेकडी नसली तरी शेतातून पळत सुटा आणि उडा. आपल्या हवाई दलाने फेब्रुवारी 2016 मध्ये कलाईकुंडाहून पॅरामोटरवर 'प्रदक्षिणा' मोहीम काढली, ती देशाला फेरी घालायला. शिखरं गाठणं हा तिचा हेतू नव्हता.

उंचीवर दोन गोष्टी एकदम बिघडतात. लेहच्या साडेतीन हजार मीटरवर हवा इतकी विरळ असते की साध्या इंजिनाची सुमारे तीस टक्के ताकद जाते. शिवाय पंखाला तेवढीच उचल मिळवायला जवळजवळ वीस टक्के जास्त वेगाने पळावं लागतं. ज्यांनी लडाखमध्ये पहिल्या आठवड्यात नुसता पिट्टू घेऊन चढ चढलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

भिलाईत हे समजावणं सोपं जातं. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. ब्लास्ट फर्नेसमध्ये कोक जळतो तो ब्लोअरने दाबून भरलेल्या हवेवर. झोत कमी झाला की भट्टी मंदावते. विमानाच्या इंजिनावरचा सुपरचार्जर म्हणजे असाच एक छोटा ब्लोअर: विरळ हवा दाबून इंजिनाच्या नरड्यात घालायची.

याच ब्लोअरच्या जोरावर 3 एप्रिल 1933 ला माणूस पहिल्यांदा एव्हरेस्टवरून उडाला. विमानं निघाली ती बिहारमधल्या पूर्णियाजवळच्या लालबालूच्या धावपट्टीवरून. वेस्टलँडची दोन दुपंखी विमानं, त्यांना ब्रिस्टल पेगॅसस इंजिनं. पैसा लेडी ह्यूस्टन यांचा. वैमानिक होते क्लाइड्सडेल आणि मॅकिन्टायर. पण मोहिमेची मूळ खटपट एका फौजी माणसाची, कर्नल ब्लॅकरची. हा गाइड्स पलटणीचा अधिकारी. ही पलटण फाळणीत पाकिस्तानकडे गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात 'ब्लॅकर बॉम्बार्ड' हे रणगाडाविरोधी शस्त्र यानेच काढलं.

शिखराजवळच्या खाली ओढणाऱ्या वाऱ्याने क्लाइड्सडेलचं विमान बघताबघता शेकडो मीटर खाली आणलं. दुसऱ्या विमानात चित्रपटाचा कॅमेरा चालवणाऱ्या बॉनेटची ऑक्सिजनची नळी फुटली. पठ्ठ्याने तिच्यावर रुमाल बांधला आणि मग बेशुद्ध पडला. विमान खाली आल्यावर सावरला. सगळे सुखरूप परतले, जगभर गाजावाजा झाला.

मला मात्र त्यानंतरचे सोळा दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. खालच्या मुलखावर धुळीचा पडदा होता आणि नकाशासाठी हवे होते तसे फोटो आलेच नव्हते. लंडनहून निरोप आला की आता पुरे. तरी 19 एप्रिलला ही मंडळी पुन्हा उडाली आणि फोटो घेऊन आली. वरिष्ठांचा हुकूम मोडणं मी गणवेशात असताना तरी वाखाणू शकत नाही, पण काम अर्धवट आहे हे त्यांना कळत होतं, एवढं मान्य करतो.

चौऱ्याहत्तर वर्षांनी, 14 मे 2007 ला बेअर ग्रिल्स आणि गिलो कार्डोझो हे दोघे ब्रिटिश नेपाळमधून पॅरामोटरवर निघाले. ग्रिल्स माजी सैनिक. 1996 च्या पॅराशूट अपघातात त्याचे मणके मोडले होते आणि दोन वर्षांत त्याने एव्हरेस्ट चढला होता. इंजिन घडवणारा कार्डोझो. उड्डाण सुमारे 4,400 मीटरवरून. चीनच्या हद्दीत जायला परवानगी नव्हती, म्हणून शिखरावरून न जाता दक्षिणेकडेच राहून त्याच्याहून उंच जायचं, असा बेत होता. शिखराची उंची गाठायला तीनेकशे मीटर उरले असताना कार्डोझोच्या इंजिनाने दगा दिला. ज्याने ब्लोअर बसवला, त्याचाच ब्लोअर ऐन वेळी गेला! ग्रिल्स एकटा वर गेला आणि आपण जवळजवळ 9,000 मीटर गाठून शिखराकडे वरून पाहिलं असं त्याने सांगितलं.

तो बराच उंच गेला असणार, यावर माझा विश्वास आहे. पण गस्तीवरून परतलेल्या तुकडीला आपण "कुठपर्यंत गेलात?" एवढंच विचारून सोडत नाही, ग्रिड रेफरन्स मागतो. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ उंचीचा विक्रम मान्य करतो तो सीलबंद उपकरणाच्या नोंदीवर, आणि ग्रिल्सची 9,000 मीटरची उंची त्याच्या विक्रमांत नाही. तिथे 2009 मध्ये नोंदवला गेला तो स्पेनच्या रामोन मोरिल्लासचा विक्रम: 7,589 मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षा सव्वा किलोमीटर खाली.