वाढत्या अंगाची स्की

मंडळी, इथे डेन्व्हरकडे नोव्हेंबर लागला की आमच्या गप्पांचा विषय दिवाळीच्या फराळावरून थेट बर्फावर घसरतो (अगदी शब्दशः!). दोन-चार हिवाळे भाड्याच्या स्कीवर काढलेले, निळ्या खुणेचे उतार बऱ्यापैकी उतरणारे, आणि काळ्या खुणेच्या उताराच्या तोंडाशी उभं राहून "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारे, असे आम्ही बरेच जण आहोत. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर मधली फळी.

या फळीचा ठरलेला प्रश्न म्हणजे, "आता स्वतःची ऑल-माउंटन स्की घ्यायची आहे, कुठली घेऊ?" ऑल-माउंटन म्हणजे एकाच जोडीवर अख्खा डोंगर. यंत्राने दाबून सपाट केलेला उतार, बाजूचा भुसभुशीत बर्फ, दुपारनंतर तयार होणारी ढेकळं, सगळं त्यात आलं.

आणि ठरलेलं उत्तर असतं, "थोडी वरच्या दर्जाचीच घे रे. उद्या सुधारशील तेव्हा उपयोगी पडेल."

ओळखीचं वाटलं ना? आपल्या लहानपणी शाळेचा गणवेश याच तत्त्वावर शिवायचे. वाढत्या अंगाचा! पहिलं वर्ष बाह्या दुमडण्यात जायचं आणि मापात येईपर्यंत कोपरं विरलेली असायची. गणवेशाचं एक वेळ ठीक आहे. स्कीच्या बाबतीत मात्र या सल्ल्याने बहुतेक सगळं विसावं शतक खाल्लं, आणि लाखो साध्या माणसांना वाटत राहिलं की आपल्यालाच जमत नाही. आज तोच इतिहास सांगतो. स्कीवर छापलेले आकडे कुठून आले हे कळलं की दुकानातला अर्धा गोंधळ कमी होतो.

कंबर

स्की ही काही हौशी लोकांनी शोधलेली वस्तू नव्हे. स्वीडनमधल्या काल्वट्रेस्कला सापडलेली लाकडी स्की सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची आहे. शिकार करायची, शेजारच्या वस्तीवर जायचं, बर्फात रुतायचं नाही, एवढंच तिचं काम. म्हणजे आपल्याकडच्या बैलगाडीसारखी वाहतुकीची वस्तू.

ती खेळाची वस्तू झाली ती प्रामुख्याने नॉर्वेच्या टेलेमार्क भागात. मॉर्गेडाल गावचा सोंद्रे नॉर्हाइम (जन्म १८२५) हा तिथला गरीब कूळ-शेतकरी. त्याने टाचेमागून बांधायचे मुरडलेले पट्टे वापरले आणि मधे अरुंद, दोन्ही टोकांना रुंद अशी स्की लोकप्रिय केली. १८६८ साली तो क्रिस्टियानियाला (आजचं ऑस्लो) स्पर्धेला गेला आणि राजधानीच्या लोकांना त्याने वळून दाखवलं. कमरेची स्की त्याच्या आधी नव्हतीच असं नाही, पण तिचा प्रसार त्याच्या नावावर जमा आहे.

या कमरेचा उपयोग काय? स्की कडेवर कलती केली आणि तिच्यावर भार दिला, की ती धनुष्यासारखी वाकते आणि बर्फात कमान कोरते. तुम्ही त्या कमानीवरून गेलात की झालं वळण! गंमत म्हणजे नॉर्हाइमनंतर जवळपास सव्वाशे वर्षं ही कंबर फारशी खोल झालीच नाही. का, ते पुढे येईलच.

लांबी

जुन्या काळी लांबी ठरवायची पद्धत सोपी होती. हात डोक्यावर ताठ उभा करा, मनगटापर्यंत येईल ती तुमची स्की. म्हणजे पावणेसहा फुटी माणसाला दोन मीटरच्या पुढची. लांब स्की वेगात डगमगत नाही, आणि शर्यतवाल्यांना तेच हवं असायचं. जे शर्यतवाल्यांना हवं तेच उत्तम असं सगळ्यांनी गृहीत धरलं. लांबी ही इभ्रतीची बाब झाली आणि आखूड स्की बायकापोरांची ठरली.

हे म्हणजे सचिन जड बॅट वापरायचा म्हणून कॉलनीतल्या प्रत्येकाने तसलीच बॅट घेण्यासारखं झालं. बॅट उत्तमच. मनगटं कोणाची, हा प्रश्न.

अमेरिकेत क्लिफ टेलर नावाच्या प्रशिक्षकाने १९६०च्या दशकात उलटा विचार केला. नवशिक्याला आधी जेमतेम तीन फुटांची स्की द्यायची, वळणं जमली की चार फुटी, मग पाच फुटी. पद्धत चालली आणि काही स्की शाळांनी ती उचललीही. पण तिच्यातही शेवटची पायरी लांब स्कीच होती. आखूड स्की म्हणजे पाळण्याची पायरी, खरी स्की वेगळीच, हा समज काही गेला नाही.

पोट

या कथेतला माझा आवडता माणूस म्हणजे हॉवर्ड हेड. बाल्टिमोरच्या ग्लेन मार्टिन विमान कंपनीत इंजिनियर. १९४७ साली तो व्हर्मॉन्टमधल्या स्टो इथे स्कीइंगला गेला. त्याला काही ते जमेना, आणि त्याने दोष दिला तो जड लाकडी स्कीला! बाकीचे हसले असणार. (आमच्या धंद्यात असल्या माणसाला आपण म्हणतो, "कंपायलरमध्ये बग नसतो रे, तुझ्या कोडमध्ये असतो.") पण हेडला विमानाची रचना ठाऊक होती. वर-खाली अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि मधे हलका गाभा, असं सँडविच करून त्याने स्की बनवल्या. प्रशिक्षकांनी त्या चालवून बघितल्या आणि मोडून ठेवल्या. त्याने पुन्हा बनवल्या. तीन वर्षं हेच चाललं. मधे प्लायवूड आणि काठाला पोलादी कडा अशा रूपात अखेर १९५० साली 'हेड स्टँडर्ड' बाजारात आली.

ती इतकी सहज वळायची की लोक तिला 'चीटर' म्हणू लागले. लक्षात घ्या, सोप्या अवजाराला फसवणूक म्हटलं गेलं. धातूच्या स्की खऱ्या खेळाडूंसाठी नाहीत, ही कुजबुजही होतीच. ती थांबली १९६० साली. फ्रान्सच्या जाँ व्ह्युआर्नेने स्क्वॉ व्हॅलीच्या ऑलिंपिकमध्ये धातूच्या स्कीवर डाउनहिलचं सुवर्णपदक घेतलं. १९६०च्या दशकात काचतंतूच्या म्हणजे फायबरग्लासच्या स्की आल्या, आणि स्कीचं 'पोट' कायमचं बदललं.

हेडने पुढे कंपनी विकली आणि टेनिस शिकायला घेतलं. तेही जमेना. मग त्याने मोठ्या डोक्याची रॅकेट बनवली, जिच्यावर चेंडू मधोमध लागला नाही तरी फटका बरा बसतो. १९७६ साली तिला पेटंट मिळालं. म्हणजे या एका माणसाने दोन खेळांचं अवजार बदललं, आणि दोन्ही वेळा सुरुवात "मला जमत नाही, तर अवजार तपासून बघू" इथून झाली. दोन्ही वेळा तो मधल्या फळीच्याही खालचाच होता. :-)

आकडेमोड

आता परत कमरेकडे. स्लोव्हेनियातल्या बेगुन्ये गावात एलान नावाचा स्कीचा कारखाना आहे. महान खेळाडू इंगेमार स्टेनमार्क याच कंपनीच्या स्कीवर शर्यती जिंकायचा. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या युरी फ्रान्को आणि पावेल श्कोफित्स या दोघा इंजिनियरांनी कंबर प्रमाणाबाहेर खोल करून बघायचं ठरवलं. तेव्हाच्या शर्यतीच्या स्कीला टोकांच्या मानाने कमरेला प्रत्येक बाजूला साधारण ७ मिमी खोली असायची. यांनी ती सुमारे २२ मिमीवर नेली. 'एससीएक्स' या नावाने ही स्की १९९३ साली बाजारात आली.

फरक किती पडतो ते बघू. (गणिताची भीती असेल तर पुढचा परिच्छेद सोडलात तरी चालेल.)

स्कीची कड हा मोठ्या वर्तुळाचा तुकडा मानला, तर त्रिज्येचं ढोबळ सूत्र असं: बर्फाला टेकणाऱ्या लांबीचा वर्ग, भागिले कमरेच्या खोलीची आठपट. जुन्या लांब स्कीची टेकणारी लांबी १.८ मीटर आणि खोली ७ मिमी धरली तर त्रिज्या येते ५८ मीटर. आता आजची एक स्की घ्या, समजा तिच्यावर १३०-८५-११५ असं छापलंय (टोक, कंबर, शेपूट, सगळं मिमीमध्ये). खोली पावणेएकोणीस मिमी, टेकणारी लांबी १.४५ मीटर. त्रिज्या येते १४ मीटर.

स्की जितकी जास्त कलवाल तितकं वळण लहान होतं, पण त्यासाठी वेग आणि धीर लागतो. पट्टीचा स्कीअर ६० अंशांपर्यंत कलवतो, तेव्हा त्रिज्या निम्मी होते. तुम्ही-आम्ही कलवणार फार तर ३० अंश, म्हणजे फरक पडणार जेमतेम १३-१४ टक्के. जुन्या स्कीवर आपलं कोरीव वळण ५० मीटर त्रिज्येचं होणार. कित्येक उतार तेवढे रुंदही नसतात! मग उरतं काय? शेपट्या ढकलत, घासत, मांड्या भरून येईपर्यंत वळायचं. आजच्या स्कीवर तेच वळण १२ मीटरमध्ये बसतं.

थोडक्यात, "गुडघे वाकवा, भार पुढे ठेवा, सराव करा" हे ऐकत जे लोक पिढ्यान्‌पिढ्या धडपडले, त्यांचं तंत्र थोडं कच्चं असेलही, पण भूमितीही त्यांच्या विरोधात होती. हे त्यांना कोणी सांगितलं नाही, कारण ज्यांच्या मतावर स्की बनायच्या त्यांना ही अडचण कधी आलीच नव्हती.

मग ही कंबर आधी का नाही खोल केली? एक कारण म्हणजे पीळ. रुंद टोक बर्फात कड रोवू लागलं की ते पिळवटतं. वाकायला मऊ पण पीळ न खाणारी स्की निव्वळ लाकडात बनवणं अवघड, त्याला धातू आणि काचतंतू लागतात. दुसरं कारण म्हणजे सवय. ती मोडायलाही शर्यतच लागली. १९९६ साली ज्युनियर ऑलिंपिक्समध्ये बोडी मिलर नावाचा पोरगा 'के-टू फोर' या खोल कमरेच्या स्कीवर जिंकला. त्यानंतर काही वर्षांतच सरळ स्की दुकानांतून गायब झाल्या.

रुंदी

एक प्रश्न उरला, भुसभुशीत बर्फाचा. अरुंद स्की त्यात बुडते. १९८०च्या दशकाच्या शेवटी अटॉमिक कंपनीच्या रूपर्ट हूबरने चांगली जाडजूड स्की काढली. तिचं लाडकं नाव 'फॅट बॉय'. २००२ साली शेन मॅककॉन्कीच्या कल्पनेतून व्होलांटची 'स्पॅच्युला' आली. खोल बर्फ हा पाण्यासारखा, तेव्हा स्कीही पाण्यावरच्या स्कीसारखी हवी, म्हणजे मधे रुंद आणि दोन्ही टोकं वर उचललेली, असं त्याचं म्हणणं. आज बहुतेक ऑल-माउंटन स्कीचं पुढचं टोक हलकंसं उचललेलं असतं, ते याच विचाराचं सौम्य रूप.

इथे आपली जुनी खोड परत आली बघा. आधी इभ्रत लांबीत होती, मग ती रुंदीत गेली. हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्यांच्या चित्रफिती बघून दाबलेल्या कडक उतारावर ११० मिमी कमरेच्या स्की घेऊन लोक येतात. रुंद स्की कडेवर उभी करताना कड बुटाच्या मध्यरेषेपासून लांब पडते, म्हणजे तरफ उलटी लागते. कष्ट पडतात घोट्याला आणि गुडघ्याला.

तर मग घ्यायची कुठली?

कंबर: बहुतेक वेळ दाबलेल्या किंवा कडक बर्फावर जाणार असेल (आल्प्सचे पिस्ट, अमेरिकेचा पूर्व भाग) तर ७५ ते ८५ मिमी. आमच्या रॉकीजसारख्या मऊ बर्फात ८५ ते ९५. त्रिज्या १४ ते १७ मीटर. लांबी हनुवटी ते कपाळ यांच्यामध्ये, वजनाने हलके असाल आणि सावकाश जात असाल तर हनुवटीकडे. वाकायला मध्यम. बुटाखाली थोडा बाक आणि पुढचं टोक किंचित उचललेलं.

'टायटॅनल'चे दोन पूर्ण पत्रे घातलेली स्की घेताना जरा थांबा. (नावात टायटन, पोटात अ‍ॅल्युमिनियमचंच मिश्रण. म्हणजे हेडसाहेबांचा वारसा!) वेगात ती दगडासारखी स्थिर असते, पण तिला वाकवायला वेग आणि वजन दोन्ही लागतं. वेग नसेल तर ती वाकत नाही, आणि न वाकलेली स्की ही परत जुनी सरळ स्कीच.

खिशात पैसे मोजके असतील तर ते आधी बुटांवर घाला. पाय बुटात हलत असेल तर वरची सगळी भूमिती वाया. आणि जमलं तर दोन-तीन जोड्या एकेक दिवस भाड्याने चालवून बघा.

बाकी "उद्या सुधारशील तेव्हा" या वाक्याचं काय? माझं मत विचाराल तर माणूस सुधारतो तो आज वाकणाऱ्या स्कीवर. तुमच्या वेगाला वाकते ती प्रत्येक वळणाला सांगते की हे बरोबर, हे चूक. जी वाकतच नाही ती काहीच सांगत नाही, नुसती दमवते.

असो. दुकानातल्या पोराने विचारलं, "तुम्ही कसे स्कीअर आहात?" तर छाती फुगवू नका. बिनधास्त सांगा, मधल्या फळीतला. शंभर वर्षं वाट बघून आपल्या मापाची स्की आता कुठे मिळायला लागलीय. बाह्या दुमडायची गरज नाही.