तळटीप : मेस्ता आणि पिर्गी

एजियन समुद्रातील खिओस या ग्रीक बेटाच्या दक्षिणेकडची ही मस्तकीची गावे. किनारा हाकेच्या अंतरावर असूनही मेस्तातून समुद्र का दिसत नाही, असा प्रश्न लेखक विचारून पुढे निघून जातो. याला कारण चाचे. १३४६ ते १५६६ या काळात बेट जिनोव्हाकरांच्या ताब्यात होते. त्यांनी गावे मुद्दाम आत, समुद्रावरून नजरेस पडणार नाहीत अशी वसवली. कडेच्या घरांच्या पाठभिंती एकमेकींना जोडून तोच तट केला. बोळ इतके अरुंद आणि वळणांचे की परका माणूस हमखास चुकावा. राखायचे होते ते मस्तकीचे उत्पन्न. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून तीवर पांढरी भुकटी पसरतात, खोडाला बारीक चिरा देतात. पाझरलेला चीक थेंबाथेंबाने खाली पडून घट्ट होतो. आपल्याकडे काष्ठौषधीवाल्याच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ म्हणून मिळतो तो हाच. १८२२च्या कत्तलीतून ही गावे बऱ्याच अंशी वाचली, तीही या मालाला इस्तंबूलच्या दरबारात असलेल्या मागणीमुळे.

पिर्गीच्या भिंतींवरची काळी-पांढरी नक्षी रंगवलेली नाही. लेखकाचे ते विधान चूक आहे. गडद वाळूच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन, तो ओला असतानाच ठरल्या जागी खरवडून काढतात. कोलंबस इथलाच, ही गावकऱ्यांची कथा ऐकून सोडून द्यावी. – संपादक