बीएमएस गेलं कुठे?

आमच्या पनवेल-सीएसएमटी लोकलच्या डब्यात एक तरी बीएमएसवाला सापडायचाच. मुंबई विद्यापीठाने हा कोर्स 1999 मध्ये सुरू केला. बारावीचे मार्क दाखवा, अ‍ॅडमिशन घ्या, विषय संपला.

2024 मध्ये एआयसीटीईने बीबीए, बीसीए, बीएमएस आपल्या मान्यतेखाली घेतले आणि राज्याने सीईटी लावली. पहिली 29 मेला. माझ्या मामेबहिणीला हे कळलं बारावीच्या निकालानंतर, तोवर फॉर्मची मुदत संपलेली. अशी पोरं इतकी, की परीक्षेला बसलेल्यांपेक्षा जागाच जास्त! ऑगस्टमध्ये पुन्हा सीईटी घ्यावी लागली.

तशी प्रवेश परीक्षा आपल्याकडे जुनीच. विद्यापीठ 1857 चं, आणि 1859 ची पहिली मॅट्रिक ही त्याचीच प्रवेश परीक्षा. रानडे, भांडारकर तीच पास झाले. पण तेव्हा कॉलेजंच मोजकी होती. आता वर्ग रिकामे, आणि दारात चाळणी.

मग बऱ्याच कॉलेजांनी नावच बदललं: 'बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)'. सीईटीची भानगड नाही. आमच्या कोडिंगच्या भाषेत, व्हेरिएबलचं नाव बदललं, बग तसाच!

मामेबहीण तेच शिकतेय. इंटर्नशिपच्या फॉर्मवर बीएमएसला टिक करू की बीकॉमला, असं परवा विचारत होती. मी म्हटलं, कॉलेजलाच विचार.