श्रेयांकाचे कूळ

दसरा-दिवाळी झाली की पाटोदा तालुक्यातून कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, ती ऊस तोडून फेडायची. आधी पैसा, मग काम. पाठीमागे शाळेतल्या बाकांवर जागा मोकळ्या होतात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी राहतात, काही फडावर जातात.

उचलीच्या नेमका उलटा एक शब्द आता शिक्षणात आला आहे: श्रेयांक, म्हणजे इंग्रजीतले क्रेडिट. इथे काम आधी, आणि केलेले काम नावावर जमा. बालाघाटावरच्या या तालुक्याला तो शब्द नीट कळावा असे मला मनापासून वाटते, म्हणून त्याचे कूळ शोधायला बसलो.

हे कूळ निघते निवृत्तिवेतनातून. 1905 साली अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या म्हातारपणासाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे कॉलेजांना द्यायचे, पण कॉलेज म्हणायचे कशाला? तेव्हा शाळा आणि कॉलेज यांच्यातली सीमा धूसर होती. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट या निधीच्या विश्वस्तांचे प्रमुख होते. निधीने माप ठरवले: शाळेत एक विषय वर्षभरात सुमारे 120 तास शिकला की एक युनिट, आणि अशी 14 युनिटे असल्याशिवाय कॉलेजात प्रवेश नाही. निवृत्तिवेतन हवे असलेल्या कॉलेजांनी माप उचलले, त्यांच्यामागून शाळांनी. म्हाताऱ्या मास्तरांची सोय लावताना पोरांच्या अभ्यासाला वजनकाटा मिळाला. पुढे 1955 मध्ये तिथल्या कॉलेज बोर्डाने एक परीक्षा चालवायला घेतली. शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा विषय शिकायचा, परीक्षा द्यायची आणि कॉलेजात पोचण्याआधीच श्रेयांक पदरात पाडून घ्यायचे.

आपल्याकडची रीत वेगळी. 1857 चे मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर उभे राहिले आणि त्याबरोबर ‘टर्म भरणे’ मराठीत आले. एटीकेटी हा शब्द आजही विद्यार्थ्यांच्या तोंडी आहे, त्याचा मूळ अर्थ पुढची टर्म भरण्याची परवानगी. 1859 च्या पहिल्या मॅट्रिकला न्यायमूर्ती रानडे बसले होते. पाटोदा मात्र निजामाच्या राज्यात. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे, म्हणजे मराठी मुलाला आधी भाषेचा घाट चढायचा आणि मग विषयाचा. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला आणि 23 ऑगस्ट 1958 ला औरंगाबादला स्वतःचे विद्यापीठ आले. पण हिशेब टर्म आणि गुणांचाच राहिला. टर्म बुडाली की वर्ष बुडाले.

महाराष्ट्रात श्रेयांक हा शब्द रुळवण्यात मोठा वाटा 1989 मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा आहे. बारावी न झालेल्यांसाठी त्याने पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला. नोकरदार, शेतकरी, लग्नानंतर शाळा सुटलेल्या बायका त्या वाटेने पदवीपर्यंत गेल्या.

शब्दाची निवडही पाहण्यासारखी आहे. क्रेडिटच्या मुळाशी विश्वास ठेवणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. मराठीने त्या एका शब्दाचे तीन केले: बाजारात पत, खतावणीत जमा, कामगिरीला श्रेय. शिक्षणाने त्यातले श्रेय घेतले. मला विचाराल तर जमा जास्त नेमके होते. श्रेय दुसऱ्याने द्यावे लागते, जमा आपली असते.

2021 मध्ये श्रेयांकांची बँकच निघाली. पदवीला 120 श्रेयांक लागतात. पहिल्या वर्षाचे 40 मिळवून थांबावे लागले तरी ते खात्यावर राहतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शाळाही त्यात आणली: 30 तासांचा एक श्रेयांक, वर्षाचे 1200 तास म्हणजे 40. नुसते बसून ते मिळत नाहीत, मूल्यमापन व्हावे लागते. ही वाट कागदावर मोकळी झाली आहे, बहुतेक शाळांपर्यंत अजून पोचलेली नाही. पण ज्या मुलीचे शिक्षण पदवीच्या पहिल्याच वर्षी लग्नाने थांबले, तिचे ते वर्ष आता पुसले जात नाही, ही आज हातात असलेली गोष्ट आहे. ती तिला कुणी सांगितलेली नसते.

म्हणून पाटोद्यातल्या नववी-दहावीच्या वर्गशिक्षकांना एक विनंती. कोयते निघण्याआधी, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, एक तास यासाठी ठेवा. मुलांचे आधारवरचे आणि दाखल्यावरचे नाव जुळते का ते पाहा, नाहीतर श्रेयांकांच्या खात्यासाठी लागणारा अपार क्रमांक अडतो. नववीपासूनचे विषय स्वयम् या सरकारी संकेतस्थळावर फुकट शिकता येतात, हे सांगा. आणि फडावर जाणाऱ्या आईबापांना सांगा की कॉलेज मध्येच सुटले तरी पोरीचे श्रेयांक सात वर्षे तिच्या नावावर राहतात.